कृतिप्रधान बालकलाशिक्षण

कृतिप्रधान बालकलाशिक्षण ही साधारणतः तीन ते दहा वर्षे वयोगटातील मुलांना कलेच्या मूलभूत संकल्पना प्रत्यक्ष कृतीतून शिकवण्याची पद्धती आहे. रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश, लय, तोल इत्यादींच्या व्याख्या सांगणे किंवा फळ्यावरचे चित्र उतरवून घ्यायला लावणे या पद्धतीत अभिप्रेत नसते. या संकल्पना मुलांच्या अनुभवास येतील असे उपक्रम वर्गात योजले जातात. कृती आधी आणि संज्ञा नंतर, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. मूल पिवळ्या रंगात निळा मिसळून हिरवा तयार करते. दोन रंगांपासून तिसरा रंग होतो हे त्याने स्वतः पाहिल्यावरच ‘दुय्यम रंग’ हा शब्द वर्गात उच्चारला जातो.

व्यावसायिक चित्रकार घडवणे हा या शिक्षणाचा उद्देश नाही. डोळसपणे पाहणे, साहित्याचे गुणधर्म ओळखणे, अनेक पर्यायांतून निवड करणे आणि त्या निवडीचे कारण सांगता येणे या क्षमता त्यातून विकसित व्हाव्यात, अशी अपेक्षा असते.

संकल्पना आणि व्याप्ती

लहान मुलांच्या कलाशिक्षणाचे तीन प्रकार शाळांमध्ये आढळतात. पहिला अनुकरणप्रधान: शिक्षक फळ्यावर मोर किंवा घर काढतात आणि मुले ते वहीत उतरवतात. छापील बाह्यरेषेत रंग भरणे हाही याच प्रकाराचा भाग होय. दुसरा मुक्त आविष्काराचा: मुलांना कागद आणि रंग देऊन ‘हवे ते काढा’ असे सांगितले जाते. तिसरा कृतिप्रधान प्रकार या दोहोंच्या मधला आहे. त्यात शिक्षक साहित्य आणि प्रश्न ठरवतात; उत्तर मात्र प्रत्येक मुलाचे वेगळे असते.

या तिसऱ्या प्रकारात साहित्यावर घातलेली मर्यादा महत्त्वाची असते. बारा रंगांची पेटी दिल्यास मूल त्यातील तयार हिरवा उचलते आणि रंगमिश्रणाचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच मुलाला केवळ पिवळा आणि निळा दिला आणि पान रंगवायला सांगितले, तर हिरवा शोधून काढणे ही त्याची गरज बनते. संकल्पना शिकवण्याचे काम येथे शिक्षकाच्या भाषणापेक्षा साहित्याची निवडच अधिक करते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युरोपातील आरंभ

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांनी सिद्ध केलेल्या साहित्यात लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन व वृत्तचिती आणि पुढे लहान ठोकळ्यांचे संच यांचा समावेश होता. घडीकाम, कातरकाम, कागदाच्या पट्ट्यांचे विणकाम आणि मातकाम यांनाही त्यांच्या शिक्षणक्रमात स्थान होते. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी बालपणी हाताळलेल्या फ्रोबेलच्या ठोकळ्यांचा आपल्यावरील प्रभाव आत्मचरित्रात नमूद केला आहे.

ऑस्ट्रियन कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक (१८६५–१९४६) यांनी १८९७ मध्ये व्हिएन्ना येथे मुलांचा कलावर्ग सुरू केला. मुलांच्या चित्रांना प्रौढांच्या चित्रांची अपरिपक्व अवस्था न मानता स्वतंत्र मूल्य असलेली ‘बालकला’ मानावे, हा विचार त्यांच्या कार्यामुळे प्रसृत झाला. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे सुरू केलेल्या बालगृहातून इंद्रियशिक्षणाची साधने विकसित झाली. त्यांच्या रंगपट्ट्यांच्या तिसऱ्या पेटीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा, म्हणजे एकूण ६३ पट्ट्या असतात. त्या गडदपासून फिक्यापर्यंत क्रमाने लावताना मुलाला छटेची संकल्पना हाताने आणि डोळ्याने कळते.

जर्मनीतील वायमार येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या कलाविद्यालयातील प्राथमिक अभ्यासक्रम योहानेस इटेन यांनी आखला. इटेन यांचे मूळ प्रशिक्षण प्राथमिक शिक्षकाचे होते. खरखरीत–गुळगुळीत, उजेड–अंधार, मोठे–लहान अशा विरोधांचा अनुभव साहित्य हाताळून घेण्याची त्यांची रीत प्रौढ विद्यार्थ्यांसाठी होती. परंतु पुढे शालेय कलाशिक्षणातही अशाच तऱ्हेचे उपक्रम रूढ झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर या विषयाला सैद्धांतिक आधार मिळाला. हर्बर्ट रीड यांचा ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ हा ग्रंथ १९४३ मध्ये आणि व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचा ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ हा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. इटलीतील रेज्जो एमिलिया या शहरात लोरिस मालागुत्सी (१९२०–१९९४) यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या नगरपालिकेच्या बालशाळांमध्ये प्रत्येक शाळेला कार्यशाळेची खोली आणि कलेचे शिक्षण घेतलेली व्यक्ती असावी, ही व्यवस्था रूढ झाली. तेथे एखादा विषय आठवडेच्या आठवडे चित्र, माती, तार आणि सावल्या अशा निरनिराळ्या माध्यमांतून हाताळला जातो.

भारतातील वाटचाल

रवींद्रनाथ टागोर यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे शाळा सुरू केली व १९१९ मध्ये तेथे कलाभवनाची स्थापना झाली. नंदलाल बोस यांच्या नेतृत्वाखाली कलाभवनात परिसरातील निसर्ग, लोककला व हस्तव्यवसाय यांना अभ्यासात स्थान मिळाले. महात्मा गांधी यांच्या नई तालीम या शिक्षणविचाराची मांडणी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत झाली. हस्तव्यवसाय हे त्यात शिक्षणाचे केंद्र होते. कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद (१९२१–२०११) हे १९४४ मध्ये सेवाग्राम येथे आले आणि १९६२ पर्यंत त्यांनी तेथे मुलांना कला शिकवली. ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या त्यांच्या ग्रंथात या अनुभवांवर आधारित विवेचन आहे.

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी नूतन बाल शिक्षण संघाच्या माध्यमातून हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा यांसारखे प्रयोग केले. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने, माती, बांबू अशा परिसरातील वस्तू शैक्षणिक साधने म्हणून वापरणे हे या प्रयोगांचे वैशिष्ट्य होते. साधनांअभावी हस्तकृती शक्य नाही, या आक्षेपाला त्यातून उत्तर मिळाले.

मुलांच्या चित्रणाचा विकास

कोणती संकल्पना कोणत्या वयात शिकवावी, हे मुलांच्या चित्रणाच्या विकासक्रमावर अवलंबून असते. अमेरिकन अभ्यासक रोडा केलॉग यांनी लहान मुलांच्या चित्रांचा मोठा संग्रह अभ्यासून गिरगटण्याचे वीस मूलभूत प्रकार नोंदवले. लोवेनफेल्ड यांनी चित्रणाच्या पुढील अवस्था वर्णिल्या आहेत:

• गिरगटण्याची अवस्था (सुमारे २ ते ४ वर्षे): हाताच्या हालचालीचा आनंद प्रधान असतो; अवस्थेच्या अखेरीस मूल आपल्या रेघोट्यांना नावे देऊ लागते.
• पूर्वरूपबंध अवस्था (सुमारे ४ ते ७ वर्षे): गोल डोके आणि त्यालाच फुटलेले हातपाय अशी माणसे दिसू लागतात, रंगाची निवड वस्तूच्या रंगाशी जुळेलच असे नाही.
• रूपबंध अवस्था (सुमारे ७ ते ९ वर्षे): माणूस, झाड, घर यांची प्रत्येक मुलाची ठरावीक रूपे तयार होतात, कागदाच्या तळाशी आधाररेषा येते व सर्व वस्तू तिच्यावर उभ्या राहतात.
• वास्तवाच्या जाणिवेची अवस्था (सुमारे ९ ते १२ वर्षे): एक वस्तू दुसरीला झाकते हे चित्रात दिसू लागते, आपले चित्र ‘खरे’ दिसत नाही, ही खंतही याच वयात सुरू होते.

फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आन्री ल्यूके यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, लहान मूल डोळ्यांना दिसते तसे न काढता त्याला ठाऊक असते तसे काढते, असे प्रतिपादन केले. बैलगाडी बाजूने काढतानाही तिची दोन्ही चाके पूर्ण दाखवणे किंवा घराच्या भिंतीआडची माणसे बाहेरून दिसतील अशी काढणे, ही त्याची उदाहरणे होत. हा दोष नसून विचार करण्याची एक रीत आहे, हे ध्यानात घेतल्यास पहिली–दुसरीच्या वर्गात यथादर्शनाचे नियम शिकवणे निष्फळ का ठरते, हे स्पष्ट होते. याउलट रंग, पोत आणि पुनरावृत्ती या संकल्पना याच वयात सहज आत्मसात होतात.

कलासंकल्पना आणि उपक्रम

रेषा

जमिनीवर खडूने किंवा सुतळीने सरळ, नागमोडी, तिरकी, गोलाकार रेषा आखून मुलांना तिच्यावरून चालायला लावले जाते. नंतर तीच चाल कागदावर मेणखडूने काढली जाते. तुटक रेषा, जाड रेषा, वेगाने ओढलेली रेषा यांतील फरक शरीराला आधी समजतो. पुढील टप्प्यात रंगात बुडवलेली दोरी घडी घातलेल्या कागदात ठेवून ओढली जाते. उमटणारी रेषा हाताच्या ताब्यात पूर्णपणे नसते आणि तिचे रूप पाहून मुले तिला अर्थ देतात.

रंग

रंगमिश्रणाच्या उपक्रमांत लाल, पिवळा आणि निळा हे तीन प्राथमिक रंग मानले जातात. व्यवहारात येथे एक अडचण येते. शाळांत मिळणाऱ्या नारिंगीकडे झुकणाऱ्या शेंदरी लालात निळा मिसळला असता जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी रंग तयार होतो. कारण त्या लालात पिवळ्याचा अंश असतो. जांभळ्यासाठी किरमिजी लाल आवश्यक असतो. शिक्षकाने उपक्रमापूर्वी स्वतः मिश्रण करून पाहावे, असे म्हणण्यामागे हेच कारण आहे.

हळदीचा प्रयोगही परिणामकारक असतो. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून तो वाळल्यावर त्यावर साबणाच्या पाण्याने बोट किंवा कुंचला फिरवला, की तांबडी रेषा उमटते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. रंग हा पदार्थाच्या गुणधर्माशी निगडित असतो, ही जाणीव त्यातून येते. गेरू, कोळसा, पळसाची फुले, पारिजातकाचे देठ यांपासूनही रंग करता येतात.

पोत

पाने, नाणी, खडबडीत भिंत, गोणपाट, चटई यांवर पातळ कागद ठेवून मेणखडूचा आडवा भाग घासला असता पृष्ठभागाचा ठसा उमटतो. जर्मन चित्रकार माक्स एर्न्स्ट यांनी १९२५ मध्ये याच तंत्राचा आपल्या चित्रांसाठी उपयोग केला. डोळे मिटून हाताने पृष्ठभाग ओळखणे आणि नंतर त्या पोताचा ठसा शोधणे असा खेळ घेतल्यास स्पर्शाने कळणारा आणि डोळ्यांनी दिसणारा पोत यांतील नाते मुलांच्या लक्षात येते.

आकार आणि अवकाश

घोटीव कागदाच्या चौकोनातून एक आकार कापून काढला जातो आणि कापलेला तुकडा व उरलेली चौकट असे दोन्ही भाग शेजारी शेजारी चिकटवले जातात. आकार जितका महत्त्वाचा तितकीच त्याच्याभोवतीची मोकळी जागाही महत्त्वाची असते, हे या साध्या कातरकामातून दिसते. फ्रेंच चित्रकार आन्री मातिस यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात कापलेल्या रंगीत कागदांपासून केलेल्या कलाकृती या उपक्रमानंतर दाखवता येतात.

पुनरावृत्ती, लय आणि सममिती

भेंडीच्या आडव्या कापाचा ठसा पंचकोनी चांदणीसारखा उमटतो. हाच ठसा एका ओळीत, एकाआड एक, वर्तुळात किंवा अंतर कमी-अधिक करून उमटवताना लय म्हणजे काय, याचा अनुभव येतो. ठिपक्यांची रांगोळी, कापडावरील छापकाम आणि वारली चित्रांतील वर्तुळाकार नृत्य ही लयीची परिचित उदाहरणे होत. वारली चित्रकलेत गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने वर्तुळ, त्रिकोण व चौकोन या मोजक्या आकारांतून संपूर्ण जीवन चित्रित केले जाते; त्यामुळे साध्या आकारांच्या जोडणीतून रचना कशी होते, हे दाखवण्यासाठी ती उपयुक्त ठरते. सममितीसाठी घडी घातलेल्या कागदाचे कातरकाम किंवा रंगाचा थेंब टाकून दुमडलेला कागद वापरला जातो.

घनता आणि तोल

मातकामात तोल ही संकल्पना शब्दशः अनुभवास येते. मातीचा हत्ती करताना पाय बारीक केले तर तो बसतो, एका बाजूला जास्त माती लागली तर कलतो. मूल पाय जाड करते, सोंड जमिनीला टेकवते किंवा पोटाखाली आधार देते. पोळ्यासाठी घरोघरी होणारे मातीचे बैल आणि दिवाळीत मुलांनी रचलेले किल्ले ही महाराष्ट्रातील घनरचनेची पारंपरिक उदाहरणे आहेत. किल्ल्याचा उतार, तटबंदी, पायऱ्या आणि त्यावरील चित्रांचे लहान-मोठे आकार ठरवताना मुले प्रमाणाचा विचार करीत असतात.

उपक्रमाची रचना

एका संकल्पनेचा उपक्रम सामान्यतः चार टप्प्यांत आखला जातो: निरीक्षण, कृती, नामकरण आणि उपयोजन. उदाहरणादाखल, इयत्ता दुसरीसाठी हिरव्या रंगाचा उपक्रम तीन तासिकांत पुढीलप्रमाणे घेता येतो.

पहिल्या तासिकेत मुले शाळेच्या आवारातील गळलेली पाने गोळा करतात आणि फिक्यापासून गडदपर्यंत ओळीत मांडतात. कोवळे पान पोपटी, जून पान काळपट, वाळू लागलेले पिवळसर अशी वर्णने मुलांच्याच तोंडून येतात. ‘हिरवा’ हे एकच नाव अनेक रंगांना दिले जाते, हे या मांडणीत उघड होते.

दुसऱ्या तासिकेत प्रत्येक गटाला पिवळा व निळा असे दोनच रंग आणि सात चौकटींची कागदी पट्टी दिली जाते. पहिल्या चौकटीत निव्वळ पिवळा लावून पुढील प्रत्येक चौकटीसाठी त्यात निळ्याचा एकेक थेंब वाढवला जातो. आरंभ पिवळ्यापासूनच करावा लागतो. कारण थोडासा निळाही पिवळ्याला लगेच बदलतो, तर निळ्याला बदलण्यासाठी पुष्कळ पिवळा खर्ची पडतो. पट्टी पूर्ण झाल्यावर शिक्षक ‘दुय्यम रंग’ व ‘छटा’ हे शब्द सांगतात.

तिसऱ्या तासिकेत प्रत्येक मूल आपल्या आवडीच्या एका पानाचा रंग मिश्रणातून जुळवण्याचा प्रयत्न करते. केवळ पिवळ्या-निळ्यातून आलेला हिरवा बहुधा पानापेक्षा जास्त झळाळतो. या वेळी तिसरा रंग म्हणून थोडा लाल उपलब्ध करून दिला जातो. हिरव्यात किंचित लाल मिसळताच त्याची झळाळी कमी होऊन तो पानाच्या रंगाजवळ येतो. विरोधी रंगाचा हा परिणाम मुलांना आश्चर्यकारक वाटतो आणि त्यामुळे लक्षात राहतो. ‘विरोधी रंग’ ही संज्ञा मात्र पुढील इयत्तांसाठी राखून ठेवता येते.

शिक्षकाची भूमिका

या पद्धतीत शिक्षकाचे बरेचसे काम तासिकेपूर्वी होते: साहित्य निवडणे, ते वापरून पाहणे, कोणती गोष्ट देऊ नये ते ठरवणे. प्रत्यक्ष तासिकेत शिक्षक तयार नमुना दाखवत नाहीत. कारण नमुना समोर आला की बहुतेक मुले आपले मत बाजूला ठेवून त्याच्याशी जुळवून घेऊ लागतात. मुलाच्या कागदावर स्वतः रेषा काढून चित्र ‘सुधारून’ देणे टाळले जाते.

शिक्षकाच्या प्रश्नांचे स्वरूप महत्त्वाचे असते. ‘हे काय काढले आहेस?’ या प्रश्नात चित्र ओळखू न आल्याची सूचना असते. ‘हा रंग कसा केलास?’, ‘येथे जागा मोकळी का ठेवलीस?’, ‘हत्ती पडू नये म्हणून काय करता येईल?’ हे प्रश्न मुलाला आपल्या कृतीचा विचार करायला लावतात. ‘छान’ या एका शब्दाच्या शेऱ्यापेक्षा ‘तुझ्या सगळ्या रेषा एकाच दिशेला पळत आहेत’ यासारखे वर्णन अधिक उपयुक्त ठरते. कारण त्यातून मुलाला आपल्या कामाकडे पाहण्याची भाषा मिळते. तंत्राचे मार्गदर्शन मात्र स्पष्टपणे केले जाते. कुंचला कसा धुवावा, कात्री कशी धरावी, मातीचे दोन भाग जोडताना त्यांवर ओरखडे काढून चिखलाचे पाणी का लावावे, या गोष्टी मुलांनी स्वतः शोधून काढाव्यात अशी अपेक्षा नसते.

साहित्य आणि सुरक्षितता

उपक्रमांसाठी जुनी वर्तमानपत्रे, पाठकोरे कागद, पुठ्ठ्याची खोकी, काड्या, बिया, सुतळी, कापडाचे तुकडे आणि परिसरातील माती वापरता येते. लहान मुलांसाठी बोथट टोकाची कात्री व बिनविषारी रंग निवडले जातात. भाजीचे ठसे शिक्षक आधी कापून आणतात. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती मणी किंवा लहान बिया देताना त्या नाकातोंडात जाण्याचा धोका लक्षात घ्यावा लागतो. चुन्यामुळे डोळ्यांना इजा होऊ शकते. म्हणून हळदीच्या प्रयोगात चुन्याऐवजी साबणाचे पाणी वापरणे अधिक सुरक्षित असते. आवराआवर हा उपक्रमाचाच भाग मानून त्यासाठी तासिकेतील शेवटची काही मिनिटे राखून ठेवली जातात.

मूल्यमापन

या पद्धतीत चित्राच्या सुबकतेला गुण दिले जात नाहीत. वर्षभरातील कामे दिनांक घालून संचिकेत जमा केली जातात आणि त्याच मुलाचे आधीचे काम व नंतरचे काम यांची तुलना होते. मुलाने साहित्याचे किती पर्याय करून पाहिले, अडचण आल्यावर काय केले, आपल्या कामाविषयी काय सांगितले, याच्या वर्णनात्मक नोंदी ठेवल्या जातात.

स्पर्धा आणि बक्षिसे यांचा प्रश्न येथे उपस्थित होतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. दुसऱ्या गटाला ते अनपेक्षितपणे दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहणी केली असता, बक्षिसाच्या अपेक्षेने चित्रे काढलेल्या मुलांनी इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढण्यात घालवला. बालदिन, गणेशोत्सव इत्यादी प्रसंगी होणाऱ्या रंगभरण स्पर्धांच्या संदर्भात हा निष्कर्ष विचारात घेण्याजोगा आहे. अशा स्पर्धांत छापील बाह्यरेषा आणि बक्षीस या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. लोवेनफेल्ड यांनी रंगभरणाच्या पुस्तकांवर याआधीच टीका केली होती. प्रौढाने काढलेली निर्दोष बाह्यरेषा पाहून मूल स्वतःच्या रेषेवरचा विश्वास गमावते, असे त्यांचे मत होते.

मतभेद आणि टीका

मुलांना किती मोकळीक द्यावी आणि किती शिकवावे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. चिझेक यांच्या परंपरेत प्रौढांचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानले जाते. त्यावर आक्षेप असा की, मुले कोऱ्या मनाने वर्गात येत नाहीत. भोवतालची चित्रे, व्यंगचित्रपट, जाहिराती आणि एकमेकांचे कागद पाहून ती शिकतच असतात. अमेरिकन अभ्यासक ब्रेंट विल्सन व मार्जोरी विल्सन यांनी चित्रणातील अनुकरणाच्या भूमिकेकडे लक्ष वेधले. हॉवर्ड गार्डनर यांनी ‘टू ओपन माइंड्स’ (१९८९) या ग्रंथात चीनमधील कलावर्गांच्या निरीक्षणाचा वृत्तांत दिला आहे. तेथे लहान मुलांना हात धरून कौशल्य शिकवण्यावर भर असल्याचे त्यांना आढळले. कौशल्य आधी की सर्जनशीलता आधी, या प्रश्नाला प्रत्येक संस्कृती वेगळे उत्तर देते, असे त्यांच्या विवेचनातून दिसते.

भारतीय परंपरेतही घरातील मोठ्यांचे पाहून रांगोळी, मातकाम, विणकाम शिकण्याची रीत आहे. तिच्यात अनुकरण असते; परंतु शिकणारे मूल प्रत्यक्ष उपयोगाच्या कामात सहभागी असते आणि माध्यम त्याच्या हातात असते. त्यामुळे अनुकरण सरसकट त्याज्य ठरवता येत नाही. कशाचे अनुकरण आणि कोणत्या वयात, हा खरा प्रश्न आहे. कुंचला धरण्याची पद्धत पाहून शिकणे आणि ठराविक ‘डोंगरामागचा सूर्य’ वर्षानुवर्षे उतरवत राहणे यांचे परिणाम सारखे नसतात.

व्यावहारिक अडचणीही आहेत. मोठ्या पटसंख्येच्या वर्गात पाणी व रंग हाताळणे कठीण जाते, अनेक प्राथमिक शाळांत स्वतंत्र कलाशिक्षक नसतो आणि परीक्षेच्या काळात कलेच्या तासिका अन्य विषयांना दिल्या जातात. घरी नेलेले काम ‘नीटनेटके’ दिसावे ही पालकांची अपेक्षा शिक्षकांना पुन्हा नमुना उतरवण्याकडे वळवते. गटात साहित्य वाटून देणे, एका वेळी एकाच गटाला ओले रंग देऊन इतरांना कोरडे काम देणे आणि चित्रासोबत मुलाने सांगितलेले वाक्य लिहून पाठवणे, हे त्यावरील काही उपाय होत.

सद्यःस्थिती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी पायाभूत स्तर कल्पिला असून खेळ, कृती व शोध यांवर आधारित शिक्षणाचा तसेच कलासमावेशक अध्यापनाचा पुरस्कार केला आहे. पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या अनुषंगाने २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, बाहुल्या इत्यादींचा संच सादर करण्यात आला. महाराष्ट्रात प्राथमिक इयत्तांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ या पाठ्यपुस्तकांत कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे विषय एकत्रितपणे देण्यात आले.

राज्याच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यांतील वस्तुचित्रासारख्या विषयांत प्रमाण आणि छायाप्रकाश यांचे वास्तव चित्रण अपेक्षित असते. हे कौशल्य वास्तवाची जाणीव जागी झालेल्या वयाला साजेसे आहे. त्याची तयारी खालच्या इयत्तांत नमुने उतरवून करून घेतल्यास, ज्या वयात मुले रंग, माती आणि आकार यांच्याशी निर्भयपणे खेळू शकतात ते वय निसटून जाते. त्याच वयात हाताने मिळवलेला अनुभव मात्र पुढे वस्तुचित्र काढताना, पानाचा हिरवा नेमका कोणता हे ठरवण्यास उपयोगी पडतो.